पोरलॉककर

जगाच्या वाङ्मयात ज्याने सर्वांत मोठा खोळंबा करून ठेवला, त्या माणसाचं नाव कुणालाही ठाऊक नाही. गाव तेवढं ठाऊक आहे. पोरलॉक. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, समुद्राच्या अंगाला हे खेडं आहे. या गावचा एक गृहस्थ १७९७ साली शेजारच्या एका शेतघरात 'कामासाठी' म्हणून गेला, तासभर बसला आणि आला तसा निघून गेला. एवढ्या भांडवलावर तो सव्वादोनशे वर्षं शिव्या खातो आहे.

त्याचं असं झालं. त्या शेतघरात सॅम्युएल टेलर कोलरिज नावाचा एक तरुण कवी मुक्कामाला होता. प्रकृती बरी नव्हती म्हणून त्याने अफूचं औषध घेतलं होतं. हातात एक जुना जाडजूड ग्रंथ होता, त्यात मंगोल बादशहा कुब्लाखानाच्या राजवाड्याची हकिगत होती. ती वाचता वाचता खुर्चीतच त्याचा डोळा लागला. (ग्रंथ जाडजूड आणि खुर्ची बरी असली की अफूशिवायही हे जमतं.) तीन तास झोप झाली आणि झोपेतच एक सबंध कविता झाली. थोडीथोडकी नव्हे, दोनशे-तीनशे ओळींची. जागा होताच कोलरिज ती भराभरा कागदावर उतरवू लागला, आणि तेवढ्यात पोरलॉकचे पाहुणे आले. तासाहून अधिक वेळ बसले. ते गेल्यावर कवी खोलीत परत येऊन बघतो तो कविता पसार! हाती राहिल्या चोपन्न ओळी. 'कुब्लाखान' या नावाने त्या आजही प्रसिद्ध आहेत आणि कॉलेजातली मुलं त्यांवर टिपा लिहितात.

मी बी.कॉम. माणूस. मुलीच्या बी.ए.च्या पुस्तकात हे सारं वाचलं तेव्हा माझी नजर कवितेवर न जाता हिशेबावर गेली. येणे तीनशे, जमा चोपन्न, बाकी दोनशे शेहेचाळीस. आणि ही सगळी बाकी टाकली आहे एका निनावी इसमाच्या नावे! व्हाउचर नाही, सही नाही, साक्षीदार नाही. बरं, नोंद तरी कधी केली? ही हकिगत कोलरिजने छापली १८१६ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. पुढे १९३४ साली त्याच्याच हातची एक जुनी प्रत उजेडात आली. त्या प्रतीखाली त्याने टीप लिहिली आहे : शेतघर कुठलं, जवळचं देऊळ किती अंतरावर, पोट बिघडलं होतं म्हणून अफू किती घेतली (दोन ग्रेन), सगळं बयाजवार. पोरलॉकच्या पाहुण्याचा मात्र त्यात उल्लेख नाही! शिवाय छापील हकिगतीत ऋतू उन्हाळ्याचा आहे आणि या टिपेत शरदाचा. आमच्या ऑडिटरसमोर असली दोन कागदपत्रं गेली असती, तर त्याने कोलरिजला उभं केलं असतं. जो माणूस अफूचं वजन लिहायला विसरत नाही, तो कविता बुडवणारा पाहुणा लिहायला विसरतो? हा पाहुणा कधी आलाच नव्हता, पुढचं सुचेना म्हणून कवीने तो मागाहून बोलावला, असं आता मोठमोठे विद्वानही म्हणतात.

आणि समजा, आला होता. मग त्याचं 'काम' काय होतं, हे गेल्या सव्वादोनशे वर्षांत कुणी आस्थेने विचारलं का? माझी आपली अटकळ आहे की वसुलीचं असावं. कवीची सांपत्तिक स्थिती ओढग्रस्तीची होती. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला वेजवुड बंधूंनी त्याला वर्षासन बांधून दिलं, दीडशे पौंड. तेव्हा उधारी थकलेला एखादा गरीब दुकानदार मैलन् मैल पायपीट करून आला असेल, तर त्याने काय दारातूनच विचारायचं होतं, की 'साहेब, आपण आत्ता अमर होत नाही ना? होत असाल तर मी मंगळवारी येतो'? इतिहास जेते लिहितात असं म्हणतात. खोळंब्याचा इतिहास मात्र नेहमी ज्याचा खोळंबा झाला तोच लिहितो, आणि खोळंबा करणाऱ्याचा जबाब कुठेच नोंदलेला नसतो.

हे मी सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या शाखेत, माझ्या डाव्या हाताला, गेली सहा वर्षं एक सहकारी बसतात. त्यांचं खरं नाव लिहिणं इष्ट नाही. एक तर ते सज्जन आहेत आणि दुसरं म्हणजे त्यांना निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. गावावरून आडनाव पाडायची आपली जुनी रीत आहे. नागपूरचा तो नागपूरकर, सोलापूरचा तो सोलापूरकर. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात 'पोरलॉककर' म्हणतो.

पोरलॉककरांना समोरच्याचं वाक्य पूर्ण झालेलं सहन होत नाही. जेवताना कुणाच्या मिशीला भात लागला की आपल्याला जसं राहवत नाही, तसं त्यांचं दुसऱ्याच्या वाक्याबद्दल होतं. तुम्ही 'काल आमच्याकडे' एवढं म्हणालात की ते 'पाणी आलं नाही ना? आमच्याकडेही नाही!' म्हणून मोकळे. वास्तविक तुमच्याकडे काल नातू झालेला असतो. पण पाण्यावरून टँकर, टँकरवरून नगरसेवक आणि नगरसेवकावरून त्याच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय इथपर्यंत गाडी गेली की नातवाची बातमी सांगायला तोंड उरत नाही. पेढ्यांचा पुडा तुम्ही तसाच घरी नेता.

बोलण्याचं एक वेळ राहू द्या, मोजण्याचं काय? नोटा मोजायला आता यंत्र आहे हे खरं. पण भाजीवाल्या बायांच्या घामेजलेल्या दहा-दहाच्या नोटा यंत्राला पचत नाहीत, ते घशातून काढून देतं. त्या हातानेच मोजाव्या लागतात. मी मनात एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करीत असतो. डावीकडून प्रश्न येतो, "अहो, चिरंजीवांना बारावीला किती पडले होते?" मी बोट वर करून थांबा अशी खूण करतो. खुणेकडे लक्ष न देता ते स्वतःच उत्तर देतात, "चौऱ्याऐंशी ना?" आता मला सांगा, चौसष्टच्या तोंडावर ज्याला चौऱ्याऐंशी ऐकवले आहेत, त्या माणसाने पुढचा आकडा कोणता धरावा? मी गड्डी खाली ठेवतो आणि एकपासून सुरुवात करतो. भाजीवाल्या बाई माझ्याकडे 'सरकारी माणूस' या अर्थाच्या नजरेने पाहतात.

उपाय करून झाले. काउंटरवर 'कामाच्या वेळी बोलू नये' अशी पाटी लावली. तिच्यातल्या शुद्धलेखनावर त्यांनी वीस मिनिटं चर्चा केली. मध्ये उंच फाइलींची भिंत रचली, तेव्हा ते उभे राहून बोलू लागले; त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षा चांगला पोहोचतो.

मग मी शास्त्राधार शोधू लागलो. या बाबतीत आपल्याकडे पहिला खबरदार कर्मचारी म्हणजे गणपती. महाभारत लिहून घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने व्यासांना आधीच अट घातली : माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. पण व्यासही मुरलेले. त्यांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय तू काही लिहायचं नाहीस. आणि मग जरा दम खायचा असला की ते एखादा कूटश्लोक टाकीत. लेखनिक डोकं खाजवतोय तोवर साहेब पुढचे श्लोक जुळवून तयार! अशा श्लोकांची संख्या आठ हजार आठशे सांगतात. म्हणजे आठ हजार आठशे वेळा हाताखालच्याचं काम अडवूनही साहेबांच्या नावावर महाभारत लागलं. आमच्याकडेही ही पद्धत आहे, फक्त श्लोकाऐवजी सर्क्युलर येतं.

गंमत पुढेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. शेकडो पोथ्या ताडून पाहताना असं आढळलं, की गणपतीची ही गोष्ट मूळची नाहीच; ती पुढे कुणीतरी मध्येच घातलेली आहे. विद्वानांनी ती उचलून परिशिष्टात ठेवली. 'मध्ये अडवू नका' ही कथाच मध्ये घुसलेली! महाभारतात असा एखादा पोरलॉककर शिरावा आणि शतकानुशतकं कुणाच्या लक्षात येऊ नये, यावरून त्या जातीची चिकाटी ध्यानात यावी.

व्यास-गणपतींचं राहू द्या, ते मोठे लोक. मला खरा जिव्हाळा वाटतो तो चार्ल्स लॅम्बबद्दल. हा इंग्रजीतला नामांकित निबंधकार, पण पोटासाठी कारकून. कुठे? तर साक्षात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत, हिशेब खात्यात. १७९२ साली सतराव्या वर्षी चिकटला. पहिली तीन वर्षं पगार नव्हता, नुसतं थोडं बक्षीस मिळे. (आमच्या युनियनने हे वाचू नये.) १८२५ साली पेन्शनीत निघाला. तेहेतीस वर्षं त्याने मीठमसाला, नीळ आणि कापूस यांच्या रकमा जुळवल्या.

फेब्रुवारी १८१८ मध्ये या लॅम्बने कवी वर्डस्वर्थच्या पत्नीला एक पत्र लिहिलं. ते वाचताना मला वाटलं, हा माणूस आमच्याच शाखेत असणार. त्याची तक्रार अशी : मला एकटा म्हणून कुणी राहूच देत नाही. सकाळी कचेरीत चालत जातो तेवढाच वेळ काय तो माझा. खातेवहीत रकमा मांडत असतानाही मनाच्या कोपऱ्यात एखादा आवडता विचार जपून ठेवता येतो, त्याला बेरीज आड येत नाही. आड येतात ती साहित्याची हौस असणारी माणसं. ती भोवती जमतात आणि विचारतात, काल रात्रीच्या व्याख्यानात कोलरिज काय म्हणाला हो? संध्याकाळी घरी निघावं, तर एखादा स्नेही सोबतीला येतो. आणि पत्राच्या शेवटी काय झालं म्हणता? पत्र लिहीत असतानाच त्याला कापसाच्या डिपॉझिटचं काम करायला हाक आली. डिपॉझिट, व्याज आणि गोदामभाडं यांतली गूढं तुम्हांला काय कळणार बाई, असं म्हणून त्याने पत्र आवरतं घेतलं! कारकुनाचा हा अभिमान मला फार भावला. ज्यांना गोदामभाडं कळत नाही, त्यांच्याविषयी थोडी कीव माझ्याही मनात असते.

आता फेब्रुवारी १८१८ ही तारीख जरा आपल्या बाजूने बघा. त्याच महिन्यात त्याच कंपनीच्या फौजा दुसऱ्या बाजीरावाच्या मागे लागल्या होत्या. सातारचा किल्ला त्याच महिन्यात गेला आणि आष्टीला सेनापती बापू गोखले पडले. कंपनी पेशव्याला एका मुक्कामी दोन दिवस टेकू देत नव्हती, आणि कंपनीच्या कारकुनाला त्याचे मित्र! वास्तविक कंपनीचे हे लोक १६०८ साली सुरतेच्या बंदराला आले तेव्हा 'कामासाठी' म्हणूनच आले होते. पोरलॉकच्या माणसाने एक तास घेतला म्हणून इंग्रज अजून हळहळतात. आम्ही बोलतो का काही?

आणि ज्याने पोरलॉककराचा एवढा बोभाटा केला तो कोलरिज स्वतः कसा होता? लॅम्बचा तो शाळासोबती. एकदा बोलू लागला की दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नाही. एकदा त्याने लॅम्बला विचारलं, माझं प्रवचन कधी ऐकलं आहेस का? लॅम्ब बोलताना अडखळत असे. अडखळत अडखळतच तो म्हणाला, दुसरं काही ऐकल्याचं आठवत नाही. लॅम्ब आणखी एक किस्सा रंगवून सांगे. सकाळी कचेरीच्या घाईत असताना कोलरिजने त्याला वाटेत गाठलं, एका बागेच्या आडोशाला नेलं, कोटाचं बटण घट्ट धरलं आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली. तिकडे हजेरीची वेळ टळत चाललेली. लॅम्बने खिशातला चाकू काढला, अलगद बटण कापलं आणि कचेरी गाठली. पाच तासांनी त्याच वाटेने परत येतो तो ओळखीचा आवाज! कोलरिज तिथेच उभा होता, डोळे मिटलेले, हातात बटण, आणि बोलणं चालू.

किस्सा लॅम्बने पदरचा घातला असेल, असेलच. पण त्यातली युक्ती सोळा आणे खरी आहे. बोलणाऱ्याला माणूस लागतो असं आपल्याला वाटतं. त्याला बटण लागतं. मी पोरलॉककरांना बटणं पुरवू लागलो. गुंतवणुकीवरचा एखादा अवघड प्रश्न टाकावा, बदलीच्या यादीचा विषय काढावा, 'हं', 'काय सांगता', 'पण मग पुढे?' हे तीन शब्द आळीपाळीने सोडावेत आणि आपल्या नोंदी करीत राहावं. सहा महिने उत्तम चाललं. मानसशास्त्रातही याला थोडासा आधार आहे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ साली बर्लिनमधले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची आणि काही मुद्दाम अर्ध्यावर तोडायची. नंतर विचारलं तर पुरी झालेल्यांपेक्षा तोडलेली कामं लोकांना अधिक आठवत होती. पुढे ज्यांनी ज्यांनी हा प्रयोग केला त्या सगळ्यांना तो तसाच आला असं नाही. पण 'कुब्लाखान'च्या बाबतीत मात्र खरा ठरला. तीनशे ओळी पुऱ्या झाल्या असत्या तर आमच्या मुलीने त्या ऑप्शनला टाकल्या असत्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. पंचाहत्तरीच्या पुढचे एक निवृत्त शिक्षक आमचे जुने खातेदार आहेत. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते एका सकाळी मुदत ठेव मोडायला आले. अठरा लाख. फॉर्म बिनचूक भरलेला, सही जुळणारी, खातेदार समक्ष हजर. रक्कम कुठल्याशा परगावच्या खात्यात लगेच पाठवायची होती. पलीकडच्या काउंटरच्या मुलीने नियमाप्रमाणे कारण विचारलं. गुरुजी पाठ केल्यासारखं म्हणाले, "मुलाच्या फ्लॅटसाठी." तिने मान डोलावली. गुरुजींच्या शर्टाच्या खिशात मोबाइल उभा होता आणि ते सारखा त्याच्यावर हात ठेवीत होते.

इथे पोरलॉककर मध्ये पडले. त्यांचा काउंटर नव्हता, त्यांचं काम नव्हतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच्या समोरची रांग तशीच सोडून ते तिरके झाले आणि म्हणाले, "फ्लॅट? कुठला फ्लॅट? गुरुजी, मुलगा तुमचा कॅनडात ना? मे महिन्यातच तर सांगत होतात, तिकडे घर घेतलं म्हणून. मग हा फ्लॅट कुणाला? आणि मुलाच्या नावाने न पाठवता हे कुठलं खातं?" गुरुजी गप्प. पोरलॉककर गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हेत. "सून काय म्हणते? गुडघा कसा आहे? चेहरा का असा उतरलाय?"

आणि खिशातला मोबाइल बोलला, "किससे बात कर रहे हो?"

पुढचं आता सगळ्यांना ठाऊक झालेलं आहे. 'डिजिटल अटक' म्हणतात तो प्रकार. पोलिसाच्या वेषातला कुणी भामटा गेले दोन दिवस गुरुजींना फोनवर धरून बसला होता. तुमच्या नावाने गुन्हा नोंदलाय, फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, पैसे 'तपासणीसाठी' पाठवा. कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तसं सांगितलं होतं, आमच्या दाराशी १९३० या मदत क्रमांकाचा फलकही आहे. पण एकट्या घरात दोन दिवस एकच आवाज ऐकणाऱ्या माणसाला फलक दिसत नसतो. त्याला कुणीतरी मध्ये बोलावं लागतं.

पोरलॉककरांनी हात पुढे करून गुरुजींच्या खिशातून फोन घेतला आणि कानाला लावला. पलीकडून दरडावणी सुरू झाली असावी, कारण पोरलॉककर म्हणाले, "हां हां, ऐका हो, आधी तुम्ही कुठल्या ठाण्याचे? तिथले साहेब आमच्या साडूंचे..." आणि गाडी सुरू झाली. तो एक वाक्य पुरं करू शकला नाही. मी घड्याळ बघत होतो, सतरा मिनिटं. आज्ञा देऊन माणसांना दोन-दोन दिवस खुर्चीला खिळवणाऱ्या त्या भामट्याने शेवटी स्वतः फोन ठेवला. "अहो, कट झाला," पोरलॉककर हळहळून म्हणाले. त्यांचं साडूंचं सांगून संपलं नव्हतं.

गुरुजींना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, मॅनेजरसाहेबांनी १९३०ला फोन लावला. ठेव जागच्या जागी राहिली. गुरुजींचे हात बराच वेळ थरथरत होते आणि पोरलॉककर त्यांच्या शेजारी बसून टँकरची हकिगत सांगत होते. त्या दिवशी त्यांच्या काउंटरची रांग आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतली.

तेव्हापासून गुरुजी दर मंगळवारी अकराच्या सुमाराला शाखेत येतात. काम काही नसतं. पासबुक भरून घेतात, त्यात एकही नवी नोंद नसते. मग पोरलॉककरांच्या काउंटरपाशी खुर्ची ओढतात आणि १९७१ साली त्यांच्या शाळेत झालेल्या इन्स्पेक्शनची हकिगत सांगतात. ती मोठी आहे. अजून मधली सुट्टी झालेली नाही. परवा मी व्याजाच्या याद्या तपासत बसलो होतो. डावीकडून दबक्या आवाजात हाक आली.

"अहो, ऐका ना. हे गुरुजी भले आहेत, पण माणसाला कामच करू देत नाहीत हो! तुम्ही काय करता अशा वेळी?"

मी यादीवरची मान वर न करता म्हणालो, "काय सांगता!"